सुटा भाग बदलण्याआधी आकडा दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की गॅरेजांसमोर जुन्या स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी आणि सुमो रांगेने उभ्या राहतात. मालकाचे वाक्य ठरलेले असते, "कोकणात जायचंय, एकदा सगळं बघून घ्या." बघून घेणे म्हणजे ऑइल, फिल्टर आणि धुलाई. त्यातून काही तक्रार सांगितलीच, तर अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. तो लागू पडला नाही तर दुसरा. बिल मात्र दोन्हींचे येते.

खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी फेरनोंदणी. चारचाकीसाठी तिचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर, विमा. एवढे भरून सात माणसांची गाडी दारात ठेवणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: भाग बदलण्याआधी मोजमाप करून घ्या आणि त्या मोजमापाची मजुरी वेगळी द्या. तासभर खपून "दोनशे रुपयांचा पाइप फाटलाय" असे सांगणाऱ्या मिस्तरीच्या हाती आज काही पडत नाही, उलट "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे ऐकून घ्यावे लागते. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बदलणाऱ्याला मात्र मजुरीही मिळते आणि सुट्या भागावरचा नफाही. मग गॅरेजवाला टर्बोच बदलणार. यात सगळा दोष त्याचा नाही.

सर्वांत जास्त पैसा जातो तो "गाडी गरम होते" या तक्रारीवर. कधी गरम होते, हे आधी नीट सांगा. कुंभार्ली किंवा आंबा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर एसी लावून चढताना तापमानाचा काटा वर जातो आणि सपाटीला आल्यावर उतरतो, तर रेडिएटरला, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या जाळीला, हवा कमी पडते आहे. याउलट घाटात ठीक, पण सपाट महामार्गावर 80-90 च्या वेगाला काटा सरकतो, तर हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्या असतील, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धाच उघडत असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील किंवा बेल्ट घसरत असेल. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे संशयित बाद होतात, आणि तो विचारायला पैसे पडत नाहीत.

हवेच्या बाजूला दोन जागा बघा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे आणि वाळका पाला यांची गोधडी साचते. पुढून पाणी मारून ती निघत नाही, दोन्ही सुटे करून इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारावे लागते, तेही हलक्या दाबाने, नाहीतर पत्र्याच्या बारीक झालरी आडव्या होतात. दुसरी जागा व्हिस्कस फॅन, म्हणजे आतल्या घट्ट तेलाच्या पकडीवर इंजिनाबरोबर फिरणारा पंखा. इंजिन थंड आणि बंद असताना पंखा हाताने फिरवा. तो जडपणे फिरून लगेच थांबला पाहिजे. भिंगरीसारखा दोनचार फेऱ्या घेत असेल तर आतले सिलिकॉन ऑइल गेले. मधल्या गोल डब्यावर धूळ धरलेले तेलकट ओघळ दिसले की खात्रीच झाली. ज्या गाडीला इलेक्ट्रिक फॅन आहे तिथे एसी लावल्यावर तो सुरू होतो का, एवढे बघावे.

आता कॅप. सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष. उघड्या भांड्यातले पाणी 100 अंशांना उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर 95-96 लाच. रेडिएटरची कॅप आत साधारण 1 बारचा दाब धरून ठेवते, म्हणून तेच पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते. कॅपचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग ढिली पडली की ही 20 अंशांची सवलत गेली. मग इंजिनात काहीही बिघाड नसताना गाडी घाटात वाफ सोडते. कॅपवर दाबाचा आकडा छापलेला असतो. हातपंपाच्या टेस्टरला लावून तेवढा दाब ती धरते का, हे पाच मिनिटांचे काम आहे. गाडी रात्रभर थंड झाल्यावर वरचा होज पाइप आत चिपकलेला दिसला, तर कॅपमधली परतीची झडप अडकली आहे. तापल्यावर बाजूच्या बाटलीत गेलेले पाणी परत येत नाही आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर उणा राहतो.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्याकडे एक वाईट खोड आहे. गाडी गरम होते म्हटले की तो काढून फेकायचा. त्याने इंजिन कायम थंड चालते, डिझेल जास्त जाते, काजळी धरते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा रस्ता बंद करत असते. तो काढला की तो रस्ता कायम उघडा राहतो, निम्मे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परत जाते आणि चढावर गाडी आधीपेक्षा लवकर तापते. तपासायचा असेल तर स्वयंपाकघर पुरते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने असा लटकवा की तो तळाला टेकणार नाही, सोबत थर्मामीटर सोडा. अंगावर 82 कोरलेले असेल तर तिथे एकदोन अंश इकडेतिकडे तोंड किलकिले व्हावे आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडावे. अर्ध्यावर अडला तर नवा आणा.

हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) उडाले म्हणून हेड उतरवण्यापूर्वी रासायनिक चाचणीचा आग्रह धरा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी ठेवून वरची हवा त्यातून ओढतात. सिलिंडरचा वायू पाण्यात शिरत असेल तर निळे द्रावण डिझेल गाडीत हिरवट, पेट्रोल गाडीत पिवळे होते. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आतच, होज दगडासारखा कडक झाला तरी संशय घ्यावा. पण ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नये. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमटपणाने झाकणाला असा फेस धरतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा. तिथले ऑइल स्वच्छ असेल तर गाडी तासभर महामार्गावर चालवून पुन्हा झाकण उघडा.

कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. बोअरचे पाणी घातले की क्षार बसलेच. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचे नाक चढाला करून, सावकाश ओतावे आणि इंजिन चालू ठेवून वरचा होज मधूनमधून दाबावा, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. गरम गाडीची कॅप उघडू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते वेगळेच: पाणी पार संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. वर गेलेला काटा चढावरच अचानक उतरला, तर हायसे वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घ्या.

दुसरी तक्रार सकाळी सुरू न होण्याची. इथेही आधी कान लावावा. सेल्फ मंद, कण्हत फिरतो की झटक्यात फिरूनही इंजिन पेटत नाही? मंद फिरत असेल तर डिझेलच्या बाजूला हातही लावायचे कारण नाही. मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवायला हवी, 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. चालू गाडीला 13.8 ते 14.4. हे तिन्ही बरोबर असूनही सेल्फ मंद असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर दोष अर्थिंगच्या पट्टीत आहे. इंजिन आणि चॅसी यांच्यामधली ती विणलेली पट्टी हिरवी पडून आतून तुटलेली असते. तिच्यापायी चांगली बॅटरी आणि चांगला सेल्फ दोन्ही बदलले जातात.

सेल्फ जोरात फिरूनही गाडी उशिरा पेटत असेल तर डिझेल रात्रीत मागे उतरते आहे किंवा लाइन एअर घेते आहे. फिल्टरवरचा हातपंप, जिथे आहे तिथे, सकाळी सेल्फ मारण्याआधी कडक होईपर्यंत दाबा. मग पहिल्याच सेल्फला गाडी लागली तर पंपाला किंवा इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीला) दोष देऊ नका. फिल्टरची सील, क्लिपा, जुने रबरी पाइप आणि जोडावरचे तांब्याचे वॉशर बघा. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या पाइपात वीतभर पारदर्शक नळी घातली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून भांड्यात डिझेल काढा. तळाला पाण्याचा थर दिसला तर शुद्ध डिझेल येईपर्यंत वाहू द्या, मग पंप मारून एअर काढा.

हीटर प्लग (गाडी सुरू करताना सिलिंडर तापवणारे) किनारपट्टीच्या हवेत फारसे अडवत नाहीत, पण सकाळी मिनिटभर पांढरा धूर आणि थरथर असेल तर प्रत्येकाची तार सोडवून रोध मोजावा. चांगला प्लग साधारण 2 ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी एकच गेला असेल तर चारही बदलायची घाई नको, पण काढताना इंजिन कोमट असू द्या. थंड इंजिनात जोर लावला की प्लग हेडमध्येच तुटतो आणि काम भलतीकडे जाते.

कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सर्व इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळते तिथे, "इंजेक्टर गेले" हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवायचे आणि बाटल्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. तिघांत बोटभर आणि एकात त्याच्या तिप्पट, तर दोषी समोर उभा आहे. चारही सारख्या आणि कमी, तर पुढचा तपास प्रेशर रेग्युलेटर किंवा पंपाकडे. बाटल्यांचा फोटो मागा. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो, तो भरला नाही तर नव्या इंजेक्टरनेही गाडी खडखडते आणि धूर सोडते. एक सक्त ताकीद: चालू इंजिनाचा जाड दाबाचा पाइप कधीही ढिला करू नये. आत 1,000 बारच्या वर दाब असू शकतो. ती धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. जुन्या पंपाच्या गाडीवर हात बसलेले मिस्तरी सवयीने हे करतात, म्हणून लिहिले.

पिकअप गेला आणि काळा धूर येतो म्हटले की टर्बोचे नाव निघते. आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी होज दोन्ही हातांनी पिळून बघा, विशेषतः खालची बाजू, जिथे तेल साचून रबर फुगतो. चीर बंद असताना दिसत नाही, दाबाखालीच उघडते, आणि तिच्याभोवती काळा तेलकट डाग असतो. मग व्हॅक्युमच्या बारीक नळ्या. त्या टोकाला कडक होऊन चिरतात, टर्बोला आणि ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेला) हुकूम पोचत नाही. एवढे झाल्यावर टर्बोचा शाफ्ट चिमटीत धरून हलवा. आडवे किंचित हलणे रास्त आहे. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो संपला. तो बदलताना ऑइलचा पाइप स्वच्छ केला नाही तर नवाही त्याच काजळीने मरेल. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर असणे हा मात्र दोष नाही.

गाडी 60-80 च्या वेगाला थरथरते, तर त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करा, मोकळ्या सरळ रस्त्यावरच. थरथर राहिली तर इंजिन सुटले, चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचे फिरणे मागच्या एक्सलला पोचवणारा दांडा) राहिले. स्टिअरिंग हलते तर पुढची चाके, सीट आणि फरशी हलते तर मागची चाके किंवा शाफ्ट. क्लच सोडताना मागून "टक" आवाज येत असेल तर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा जोड) बघा. ग्रीसगन लावल्यावर क्रॉसच्या चारही कपांतून ताजे ग्रीस बाहेर आले पाहिजे. तीन कपांतून आले आणि चौथा कोरडा राहिला, त्याच्या तोंडाशी विटकरी रंगाची पूड दिसली, की तो कप आतून गंजला. क्रॉस बदला, पण शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तोंडांवर रंगाची आडवी रेघ मारून घ्या. ती जुळली नाही तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते, आणि मग बॅलन्सिंगचे वेगळे बिल येते.

पुढच्या चाकांसाठी गाडी जॅकस्टँडवर घ्या. ज्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो तिथे स्टँड आर्मखालीच लावा, चॅसीखाली लावला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळ्याचा सांधा) ताणलेला राहतो आणि झिजूनही घट्ट वाटतो. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ आहे? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावीकडे-उजवीकडे धरून खेळ आला तर टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक. अलाइनमेंट या सगळ्यानंतर. आधी अलाइनमेंट करून मग टायरॉड बदलणे म्हणजे अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.

मागच्या ब्रेकचा एक दोष मात्र इतका नेहमीचा आणि इतका दुर्लक्षित आहे की त्यावर वेगळे लिहिणे भाग आहे. मागच्या ड्रममधून गिअर ऑइल गळते, ब्रेक शू भिजतात, मिस्तरी एक्सलचे ऑइल सील बदलतो. दोन महिन्यांनी तेच. पुन्हा सील. कारण बहुतेकदा सीलमध्ये नसतेच. एक्सलच्या हाउसिंगवर बोटाच्या पेराएवढे एक धातूचे टोपण असते, ब्रीदर. गाडी चालली की आतले ऑइल तापते, हवा फुगते आणि ती या टोपणातून बाहेर पडायची असते. शेताच्या वाटेवरचा चिखल तिथे वाळून टोपण बुजले की हवेला सीलखेरीज दुसरी वाट राहत नाही, आणि जाताना ती ऑइल घेऊन जाते. टोपण बोटांनी सहज फिरले आणि उचलले गेले पाहिजे. वीसेक किलोमीटर चालवून ते ढिले करताना फुस्स आवाज आला तर निदान झाले. रॉकेल आणि ब्रश, खर्च शून्य. नवे सील त्यानंतर घाला. हाउसिंगमध्ये ऑइलही भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच, त्याहून जास्त भरले तरी गळते. गळणारे नेमके काय, हेही ओळखता येते. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते पाण्याने निघत नाही. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, तसे असेल तर दोष व्हील सिलिंडरचा (ड्रममधल्या शू ढकलणाऱ्या नळकांड्याचा). भिजलेले शू पेट्रोलने धुऊन परत लावू नयेत. तापले की मुरलेले ऑइल पुन्हा वर येते. दोन्ही चाकांचे शू जोडीने बदलावेत, नाहीतर गाडी ब्रेकवर एका बाजूला ओढते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतला दमटपणा शोषते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच हमी 155 वर येते. घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडते ते यामुळे. म्हणून उतारावर गिअर खालचा ठेवावा. बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा डबा) तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर आणि व्हॅक्युम पंप दोन्ही काम करताहेत.

क्लचचे थोडक्यात: चौथ्या गिअरवर 40 च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडले आणि वेग वाढला नाही तर प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील त्याच मजुरीत बघून घ्या. टायरच्या नक्षीवर जाऊ नका, बाजूचा चार अंकी आकडा वाचा, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. आणि समुद्राकाठच्या गाडीची चॅसी बॉडीच्या रबरी माउंटिंगजवळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐका. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर बाकीची दुरुस्ती थांबवून आधी वेल्डिंगवाल्याचे मत घ्या.

गॅरेजवाल्यांना विनंती अशी की दरफलकावर ऑइल बदलण्याच्या दराशेजारी तपासणीचा दर स्वतंत्र लिहावा आणि तो संकोच न करता मागावा. मालकांनी जॉबकार्डावर बॅटरीचे तीन व्होल्ट, कॅपचा दाब, थर्मोस्टॅट उघडल्याचे तापमान, चार बाटल्यांची पातळी, जे मोजले असेल ते लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग डिकीत टाकून न्यावा. पुढच्या वर्षी हेच जॉबकार्ड सोबत आणले तर मिस्तरीला पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागत नाही.

कळावे,
आपला,
एक वाचक, चिपळूण